कडूबाला धरायचं कोणी

(औरंगाबाद, पोलिस ॲक्शनला तीन वर्षं झालेली. शाळा सुटली आहे, हुतुतूच्या सरावाला अजून अर्धा तास आहे. मैदानावर नववीतली तीन पोरं आधीच येऊन भांडत बसली आहेत: पाचोडच्या पाटलांचा रामकिसन, त्याच्याच गावच्या महारवाड्यातला कडूबा, आणि औरंगपुऱ्यातल्या वकिलांचा सदाशिव.)

रामकिसन: नाय खेळणार म्हंजे? डिरिल मास्तरांनी यादी पार दाराला डकवली. तिसरं नाव तुझं हाय. उद्या हर्सूलशी गाठ, आन् तू आज म्हणायलास नाय खेळत.

कडूबा: वाचली यादी. अक्षर चांगलं हाय मास्तरांचं.

सदाशिव: मास्तर कालपासून जमिनीवर नाहीत. सगळ्यांना सांगत सुटलेत, ‘तीस बरस की नोकरी में ऐसा लौंडा नहीं देखा.’ कालच्या सरावात एका दमात सात गडी बाद, कडूबा. मी स्वतः त्या सातांत होतो.

कडूबा: तू कुठं होतास? तू तर पाण्याच्या टाकीपाशी होतास.

सदाशिव: तिथवर पळालो होतो, एवढंच.

रामकिसन: कसंबी असंल. रेघेबाहीर गेला तो बाद. कायदा हाय खेळाचा.

कडूबा: कायदा हाय की. पर माझा हात किती जणांला लागला, ते सांग.

रामकिसन: आता ते कोण मोजत बसतंय?

कडूबा: मी मोजलं. एकालाबी नाय. सातच्या सात आपल्या पायांनी रेघेबाहीर गेले, आन् मी मधी एकटाच हुतुतू करत हुबा. घार दिसली की पिलं पांगत्यात, तसं. मला इतकं हसू आलं की दमच तुटायचा. मग राती बोर्डिंगात भाकर खाता खाता ध्यानात आलं.

सदाशिव: काय?

कडूबा: हर्सूलच्या पोरांला मी कोण ते ठाव नाय.

सदाशिव: मग चांगलंच आहे की.

कडूबा: चांगलं कसं? ती पळायची नायत. धरतील मला.

रामकिसन: धरू दे की. सुटून यायचं.

कडूबा: सुटायचं कसं?

रामकिसन: कसं म्हंजे? अंग चोरायचं, हिसडा मारायचा.

कडूबा: तुला कुणी शिकवलं?

रामकिसन: ह्यात शिकायचं काय? चुलतभाऊ पाच हायत. ल्हानपणापसून ते धरत आले, मी सुटत आलो.

कडूबा: मला आजवर एकदाबी कुणी धरलं नाय, रामकिसन. गावात आमची चार घरं. पोरगा म्हणून मी एकला, बाकी समद्या पोरी. तुमचा खेळ मी बांधावर बसून बघितला. दम धरायला शिकलो, पाय टाकायला शिकलो. सुटायला कुठनं शिकू?

सदाशिव: अरे, पण बोर्डिंगमध्ये खेळत असाल ना तुम्ही?

कडूबा: बोर्डिंगात समदे मॅट्रिकवाले. पुस्तकातनं मान वर काढत नायत. मी कुणाच्या गळ्यात पडू?

सदाशिव: हे तर माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि हर्सूलची पोरं म्हणजे... निम्म्यांचे बाप जेलवर शिपाई. धरलेला माणूस सोडायची त्यांच्या घरात रीतच नाही.

कडूबा: तेच म्हणतो मी. पहिल्या चढाईला गठुडं बांधून ठेवतील माझं. मग मास्तर म्हणतील, लौंडा आजारी हाय काय.

रामकिसन: मग आता?

कडूबा: आता सोपं हाय. तुम्ही दोघं मला धरा.

रामकिसन: आत्ता?

कडूबा: मग काय म्याच झाल्यावर? धरा, मी सुटायला शिकतो. नायतर दारावरचं माझं नाव खोडा. पळणाऱ्यांला हरवून मला उस्ताद व्हायचं नाय.

रामकिसन: सदाशिव, तू काय म्हणतोस?

सदाशिव: मी आईचा विचार करतोय.

कडूबा: काय म्हणतील आई?

सदाशिव: काही म्हणायच्या आधी गंगाळ भरेल. शाळेतून गेलो की कपडे ओसरीवरच काढायचे, थेट न्हाणीत, मग घरात पाऊल. थंडीतसुद्धा.

कडूबा: रोज?

सदाशिव: रोज. शाळेत कोण कुणाला लागलं याचा हिशेब कोण ठेवणार, म्हणून सरसकट आंघोळ.

कडूबा: म्हंजे आज मला धरलं नाय, तरीबी आंघोळ?

सदाशिव: तरीही.

कडूबा: आन् धरलं तर दोन?

सदाशिव: नाही. एकच.

कडूबा: मग लेका, वरसभर रोज फुकट आंघोळ करायलास की तू. एक दिस तरी वसूल कर.

सदाशिव: अरेच्चा. रामकिसन, हा मनुष्य वकिलाच्या घरात जन्मायला हवा होता.

रामकिसन: दात काय काढतोस? तुझं आंघोळीवर भागलं, माझं काय? उद्या आबा यायलेत खेळ बघायला. पाचोडहून खास गाडी जुंपून. संगं अर्धं गाव.

कडूबा: वडील उद्या यायलेत ना, धाकले मालक? आज तर नाय.

रामकिसन: हितं मालक म्हणू नगं म्हणून किती बारी सांगितलं तुला?

कडूबा: हातभर लांब हुबा ऱ्हायलास की तोंडातनं मालकच निघतंय. जवळ ये, मग रामकिसन म्हणतो.

सदाशिव: एक विचारू? गावात तुम्ही दोघं कधीच... म्हणजे चुकूनसुद्धा?

रामकिसन: एकदा होता होता ऱ्हायलं. ओढ्याला पाणी आलतं. मी चाललो व्हतो वाहत, आन् हा काठावर. ह्यानं मला काठी धरून वढलं.

कडूबा: हात पोचत व्हता माझा. पर मी आधी काठी हुडकायला गेलो. तवर ह्यो दोन घोट पाणी प्याला.

रामकिसन: चार.

कडूबा: बरं, चार.

सदाशिव: आणि घरी?

रामकिसन: घरी आवडाआत्यानं पहिलं इचारलं, काठी वली व्हती का वाळली. वाळक्या काठीतनं इटाळ लागत नाय म्हणं. पुरातनं निघालेल्या पोराला इचारायलीय, काठी वाळली व्हती का.

सदाशिव: तू काय सांगितलंस?

रामकिसन: वाळली म्हणलो. पुरातली वाळकी काठी. तिला पटलीबी.

कडूबा: मला त्या दिवशी लई लाज वाटली व्हती, रामकिसन. तुला वाचवलं म्हणून बा पाठ थोपटायला लागला, आन् माझ्या मनात नुसतं, मी काठी का हुडकली.

रामकिसन: तुझी काय चूक त्यात? ... चल. हुबा ऱ्हा. पोरं यायच्या आत उरकू.

कडूबा: खरंच?

रामकिसन: रेघेपलीकडं जा आन् दम घे. सदाशिव, तू घोट्याला धर, मी कमरंला.

सदाशिव: मी घोट्याला का?

रामकिसन: तुझ्यात तेवढंच बळ हाय म्हणून.

कडूबा: हुतुतूतूतूतू...

रामकिसन: धर, सदाशिव. धर म्हणतो ना.

सदाशिव: धरला. धरला मी.

कडूबा: कुठं धरला? सदरा सोड. बोर्डिंगचा हाय, फाटला तर सुपरडंट मला धरतील. पाय धर, पाय.

रामकिसन: बोललास. दम तुटला. तू बाद.

कडूबा: त्येनं सदऱ्याला झोंबल्यावर बोलणार नाय तर काय? परत.

सदाशिव: ये. या खेपेला घोटाच.

कडूबा: हुतुतूतूतू... हुतु... ए... ए, आरं...

रामकिसन: काय झालं? लागलं का?

कडूबा: आरं तिथनं हात काढ. हात... हा हा... काढ की.

सदाशिव: रामकिसन, याला गुदगुल्या होतात.

रामकिसन: ह्येला?

कडूबा: मला काय ठाव, बरगडीखाली कुणी हात घातलाय आजवर?

सदाशिव: एका दमात सात गडी मारणारा, आणि बरगडीखाली बोट लावलं की गार. हे हर्सूलला कळलं तर संपलंच.

कडूबा: तुम्ही सांगितल्याबगर कसं कळंल?

रामकिसन: आता ऐक. कुणी कमरंला घातला हात की मागं सरकायचं नाय. पुढं झुकायचं, खांदा त्येच्या छातीत, आन् टाच फिरवायची. असं. माझ्या आंगावर ये. आणखी. भिऊ नगं, मी काय मडकं नाय फुटायला.

कडूबा: असा?

रामकिसन: असा. आता हिसडा... आयला. हळू की.

कडूबा: तूच म्हणलास भिऊ नगं.

सदाशिव: परत. आता मी खरा धरणार आहे.

कडूबा: हुतुतूतूतूतूतू...

रामकिसन: सोडू नगं. वढतोय दोघांला. सदाशिव, टाच रोव.

सदाशिव: रोवली, पण जमीनच सरकतेय.

रामकिसन: रेघ. रेघ लागली त्येची. बोटं टेकली बघ.

कडूबा: टेकली? खरंच टेकली?

रामकिसन: आम्ही दोघं बाद. कडूबा, तू सुटलास. आम्ही सोडलं नाय, तू सुटलास.

कडूबा: मला लई बरं वाटायलंय. काल सात मारले तवा नव्हतं वाटलं असं.

सदाशिव: मलाही बरं वाटतंय, पण माझ्या गळ्यात काहीतरी सैल झालंय. थांबा. जानवं तुटलं.

कडूबा: सदाशिव, मी मुद्दाम नाय केलं. आईची शपथ.

सदाशिव: अरे, शपथा कसल्या? परवा सायकलच्या हँडलात अडकून तुटलं होतं. आई दोन दिवस सायकलीशी बोलली नाही. घरी जोड ठेवलेला असतो.

कडूबा: मग आज माझ्याशी बोलणार नायत?

सदाशिव: तुझ्याशी ती कालही बोलत नव्हती. तुझं काय नुकसान?

कडूबा: ह्ये बी खरं.

रामकिसन: झालं. चढाई जमली तुला. चला, पाणी पिऊ.

कडूबा: थांब. साखळी ऱ्हायली.

रामकिसन: साखळी कशाला?

कडूबा: समोरचा गडी आत आला की आपण एकमेकांचे हात धरून त्येला घेरतो, ती. काल आपल्या डावात साखळी केली तवा मी टोकाला, आन् माझ्या शेजारचा आपला हात खिशात घालून हुबा. हर्सूलचा गडी त्येच फटीतनं निघून जाईल.

रामकिसन: कडू, धरणं येगळं. ते झटापटीत व्हतं, कुणाच्या ध्यानात येत नाय. हात हातात घेऊन समद्यांच्या म्होरं हुबं ऱ्हाणं येगळं.

कडूबा: व्हय. म्हणूनच म्हणतो.

रामकिसन: आबा समोर बसलेले असतील खुर्चीवर.

कडूबा: माझा बा त्यांच्याच मळ्यात मोट हाकतो. त्येला उद्या सांज व्हायच्या आत कळंल. तुला एकट्याला भ्या हाय असं समजू नगं. मला तुझ्याहून जास्ती हाय.

सदाशिव: खरं सांगू? निजामाच्या राज्यात उर्दूत शिकत होतो तेव्हा भूमितीत आपण सगळे सारखेच ढ होतो, कोण कुठल्या बाकावर याचं कुणाला पडलेलं नव्हतं. मराठी आली आणि कळायला लागलं, तशी बाकं वाटली गेली. औरंगपुरा पुढं, गावाकडचे मागं, आणि कडूबा दारापाशी. कुणी सांगितलंही नाही. आपणच जाऊन बसलो.

रामकिसन: तू भाषण करू नगं. मला इचार करू दे.

कडूबा: कर. घाई नाय. मी हितंच हाय.

रामकिसन: गेल्या साली शंकरपटाच्या शर्यतीत आबांची जोडी हरली. तर दोन दिस जेवले नायत. कुणाशी बोलले नायत. बैलांच्या तोंडाकडं बघितलं नाय.

सदाशिव: मग?

रामकिसन: मग काय? आबांला इटाळ एकांदवेळी पचंल. हार पचत नाय.

कडूबा: आन् हात धरून बी हरलो तर?

रामकिसन: तर तू आन् मी मिळून शिव्या खाऊ. तुझ्या बापाचं नाव निघालं तर मी म्होरं व्हईन, मी म्हणीन कप्तान मी हाय, साखळी मी लावली. आण हिकडं हात.

कडूबा: माती लागलीय.

रामकिसन: माझ्या काय अत्तर लागलंय? आण.

सदाशिव: हा डावा मला द्या. वसुली पूर्ण करून घेतो.

रामकिसन: घट्ट धर. मनगटाला नाय, पंज्यात पंजा. हां. आता वाकून हुबं ऱ्हायचं, गडी जिकडं वळंल तिकडं तिघं संगं.

कडूबा: गडी कुठाय?

रामकिसन: आं?

कडूबा: तिघंबी साखळीतच. चढाई कोण करणार?

सदाशिव: हे असं होतं. अशी टीम पाहून हर्सूलवाले न खेळताच परत जातील.

कडूबा: रामकिसन, फाटकातनं पोरं यायलीत. समदी यायलीत. सोड आता.

रामकिसन: येऊ दे की. त्यांच्यातलाच एक चढाईला लागंल ना आपल्याला.