कोहळ्यावरचं अक्षर

(अंजनगाव सुर्जीचा आठवडी बाजार. कोहळ्यांच्या ढिगामागे नत्थुजी माळी आणि त्यांची विधवा सून जयवंता. समोर शाळेचे हेडमास्तर खुशालराव.)

नत्थुजी : घ्याचं त घ्या ना मास्तर. चार कोहळे उलटेपालटे केले तुमी, एकाले टिचकी मारून पाह्यली नाई.

खुशालराव : टिचकी बायको मारेल घरी. मी अक्षर पाहतो आहे. ‘नत्थुजी पुंजाराम, अंजनगाव.’ वा! काय टपोरं, काय घोटीव! आणि ही शिरोरेघ, दोरी धरून ओढावी तशी. अहो, माझ्या चौथीत एकाचं असं अक्षर नाही. कोणाचं किरटं, कोणाचं गिचमीड.

नत्थुजी : कोहळं मुठीएवढं असते तवाच बाभळीच्या काट्यानं लिवा लागते. मंग फळासंगं अक्षरबी फुगते. चोरून नेलं कोनं, त बाजारात वळखू येते.

खुशालराव : तेच तर नवल! मुठीवरचं अक्षर घागरीएवढं झालं, तरी वळण मोडलं नाही. दोन अक्षरांतली जागासुद्धा सारखी. कचेरीतल्या कारकुनाचं लफ्फेदार अक्षर सारा तालुका वाखाणतो. पण ते असं ताणून पाहा, त्याचं त्याला ओळखू येणार नाही.

नत्थुजी : आता कसं बोलले! सहदेवाचं वळण हाय ते. माह्या पोराचं.

खुशालराव : सहदेवाचं?

नत्थुजी : मंग कोनाचं? त्याले जाऊन दोन वर्सं झाले, पन अक्षर वावरातून गेलं नाई त्याचं. हिले शिकवून गेला ना तो. ही त्याच्याच बरहुकूम काढते. मले वाचता येत नाई, पन सकाळी वेलातून फिरलो का वाटते, पोरगं इथंच कुठंतरी बसलं हाय.

खुशालराव : जयवंताबाई, तुम्ही बोलला नाहीत यांच्याशी?

जयवंता : नाई.

नत्थुजी : काय बोलाचं होतं?

खुशालराव : मागल्या बाजारी मी यांना विचारलं होतं, अमरावतीला बायांच्या नॉर्मल स्कुलात जाल का म्हणून. सहदेवाची सगळी पुस्तकं यांनी वाचून काढली आहेत, घडाघडा वाचतात. दोन वर्षं शिकायचं, मग मुलींच्या शाळेत मास्तरीण. अर्ज आणलाय मी. स्वतःच्या हातानं लिहायचा, खाली घरच्या कर्त्याचा अंगठा. उद्याच्या डाकेनं गेला नाही, तर यंदाचं साल हुकलं.

नत्थुजी : नाई.

खुशालराव : ऐकून तर घ्या.

नत्थुजी : ऐकलं. वाडीचं काम मी एकटा वढून नेईन, त्याचं काई नाई. पन ही गेली का त्याचं अक्षर गेलं. पुढच्या साली कोहळे कोरे लागतीन. ते मले पाहवनार नाई, मास्तर. दुसरं काईबी मांगा.

खुशालराव : नत्थुजी, सहदेव चार वर्षं माझ्यापुढे पाटी घेऊन बसला होता...

जयवंता : मास्तर, राहू द्या.

खुशालराव : बरं. राहिलं.

नत्थुजी : काय राहिलं? काय लपवून राहिले तुमी दोघं?

जयवंता : मीच सांगतो. मामाजी, तुमी रागावसान. पन ते अक्षर त्याइचं नाई.

नत्थुजी : काय बोलून राहिली!

जयवंता : पहिल्या सालापासून मीच लिवलं. ते होते तवाबी. शिकवलं त्याइनंच, पन त्याइच्या हातानं साजरं उमटेच नाई. मले म्हनत, ‘आता तूच लिव. आन बाबाले सांगू नोको, लय खुश होऊन राहिला तो.’

नत्थुजी : मास्तर?

खुशालराव : खरं आहे. कोंबडीनं शाईत पाय बुडवून अंगणभर फिरावं, तसं लिहायचा. बोटांवर किती छड्या मारल्या मी त्याच्या! पण ऐका, एवढं वाईट लिहिणाऱ्यानं असं अक्षर घडवलं. मी वीस वर्षं मास्तरकी करतोय; माझ्या हातून हे झालं नाही.

नत्थुजी : म्हंजे इतले दिवस मी... मंग माह्यापाशी त्याचं काईच नाई.

जयवंता : हाय ना. बियाचा तुंबा.

नत्थुजी : चुलीवर टांगला तो? त्याच्यावर कुठं अक्षर हाय? उंदरानं कुरतडलं हाय त्याले.

जयवंता : उंदरानं नाई, मामाजी. त्या तुंब्याची लवकी वेलावर कवळी होती तवा त्याइनं तिच्यावर मले कित्ता काढून देल्ला होता. पह्यला कित्ता. मी ती तोडू देल्ली नाई. वेलावरच वाळवली.

नत्थुजी : सहा वर्सं झाले, त्यातच बी भरून राहिलो मी. दरसाली हात फिरवतो. काय लिवलं हाय?

जयवंता : ‘जयवंता.’ दोनदा.

नत्थुजी : तुह्यं नाव.

खुशालराव : मला एकदा पाहायला मिळेल का तो?

नत्थुजी : पाहान. पन माह्या घरात त्याले वाईट म्हनाचं नाई.

खुशालराव : नाही म्हणणार.

नत्थुजी : आना तो कागद इकडं. पोरी, तू लिव. कोहळ्यावर लिवते तसंच लिव, घाई करू नोको. मी अंगठा लावतो. तुंबा मातर घरीच राहीन.

जयवंता : राहू द्या. तुमच्याचपाशी राहू द्या.

नत्थुजी : आन जायच्या आंधी त्यातला ‘ज’ कोनता, तेवढं मले दाखवून जाजो.