शेतीच्या डीपीवरची तांबडी पट्टी

जबाब, दिनांक ०८/०२/२०२५, वार शनिवार

नाव गौरीशंकर शिवप्पा हत्तरगे, वय ४७ वर्षे, धंदा फोटो स्टुडिओ, राहणार जळकोट, तालुका तुळजापूर, जिल्हा धाराशिव. मोबाईल नंबर विचारला असता सांगतो की, मोबाईल आत्ताच आपण जप्त करून समोर टेबलावर ठेवला आहे, त्यामुळे नंबर देऊन उपयोग नाही.

मी समक्ष हजर राहून सांगतो की, मला कोणी बोलावलेले नाही, मी आपण होऊन आलो आहे. मंगळवार दिनांक ०४/०२/२०२५ रोजी जळकोट शिवारात विजेच्या खांबावर मयत झालेले विरेश विरुपाक्ष कलशेट्टी, वय ३१ वर्षे, हे माझ्या गल्लीतले. वायरमनच्या हाताखाली कंत्राटी काम करायचे. त्यांना मी लहानपणापासून ओळखतो. त्यांच्या पहिलीच्या दाखल्यापासून लग्नाच्या बायोडाटापर्यंतचे सगळे फोटो माझ्याच हातचे. लग्न जमले नव्हते. घरात ते आणि त्यांची आई लक्ष्मम्मा, दोघेच.

माझा स्टुडिओ बसस्टँडसमोर आहे. आता मोबाईलमुळे स्टुडिओत कोणी येत नाही, पासपोर्ट साईज आणि मयताचे फोटो मोठे करणे एवढेच काम उरले आहे. दिवसभर बसून डोकं कामातून जातं. म्हणून दोन वर्षांपासून मी मोबाईलवर तांबड्या पट्ट्यांचे आणि लेबलांचे फोटो काढतो. गोळ्यांच्या पाकिटावरची तांबडी रेघ, फवारणीच्या औषधाच्या डब्यावरचा तांबडा त्रिकोण, बाजारात विकलेल्या शेळीच्या शिंगाला बांधलेली चिंधी, सिमेंटच्या पोत्याचं शिवणीतलं लेबल, एसटीच्या टपावरच्या पार्सलचा टॅग, असे. मोबाईलवर फोटोवाल्यांचा एक ग्रुप आहे, त्यात अकराशे माणसं आहेत, मी एकालाही बघितलेलं नाही. तिथं मी नंबर घालून फोटो टाकतो. लोक ‘वा’ म्हणतात. हवालदार साहेबांनी विचारले की यातून काय मिळते. त्यावर सांगतो की, तेवढं ‘वा’ मिळतं. दुसरं काही नाही.

मंगळवारी सकाळी मी वस्तीवर एका म्हातारीचा निराधार पगाराच्या कागदासाठी फोटो काढायला गेलो होतो. तिथून चालत साडेअकराच्या सुमारास फाट्यावर आलो. फाट्यावर दोन डीपी आहेत. एक शेतीची, लिंबाच्या झाडाखाली. दुसरी गावठाणाची, तिथून सहा पावलांवर, उन्हात. शेतीच्या डीपीपाशी विरेश उभे होते. त्यांनी पेटीचा दांडा खाली ओढून लाईट बंद केली आणि दांड्याला तांबडी पट्टी बांधली. आमच्याकडे रीत अशी आहे की, दांडा खाली असेल आणि त्याला तांबडं काही बांधलेलं असेल तर वर माणूस आहे असं समजायचं आणि कोणी हात लावायचा नाही. तांबडं नसेल तर दांडा आपोआप पडला असं समजून शेतकरी स्वतःच वर करतात. हे लहान पोरालासुद्धा माहीत आहे. मला तर आहेच.

ती पट्टी वीतभर कापडाची होती. ऑफिसातून मिळालेली प्लास्टिकची पाटी उन्हानं तडकली म्हणून लक्ष्मम्मांनी आपल्या जुन्या इरकल लुगड्याचा पदर फाडून ती शिवली होती. त्यावर पांढऱ्या दोऱ्यानं ‘काम चालू’ असं भरलं होतं. लक्ष्मम्मांना वाचता येत नाही. विरेशनं खडूनं काढून दिलं आणि त्यांनी त्याच्यावरून टाके घातले. हे मला विरेशनंच तिथं उभ्या उभ्या सांगितलं. ते म्हणाले, “अण्णा, तुमच्या तांबड्यांत ह्याचा नंबर लावा की. अव्वानं शिवलंय. लई मन लावून शिवलंय बघा.” मी म्हणालो, “लावतो की.” खांद्यावर दोर टाकून निघताना ते मागं वळून म्हणाले, “फोटो काढा, पण तिथंच असू द्या बरं का.” मी म्हणालो, “आरं, मला काय एवढं कळत न्हाय व्हय?” त्यावर ते हसले आणि बांधाबांधानं पुढच्या खांबाकडे गेले. तो खांब तिथून तीनशे पावलांवर आहे, मधे ऊस असल्यानं डीपीवरून दिसत नाही.

विरेशनं पट्टी बरोबर जागी बांधली होती. हे वाक्य वेगळं लिहावं अशी मी विनंती केली, म्हणून वेगळं लिहिलं आहे.

मी ११ वाजून ४७ मिनिटांनी पहिला फोटो काढला. त्यात पट्टी शेतीच्या डीपीच्या दांड्याला आहे, पेटीवरचा नंबर दिसतो. परंतु झाडाची सावली होती आणि टाके नीट उठून दिसत नव्हते. मी पट्टीची गाठ सोडली. सहा पावलं चाललो. गावठाणाच्या डीपीच्या दांड्याला, तिथं ऊन चांगलं होतं म्हणून, पट्टी लटकवली आणि ११ वाजून ५० मिनिटांनी दुसरा फोटो काढला. तो चांगला आला. टाका न् टाका मोजून घ्यावा असा आला.

तेवढ्यात एसटीचा हॉर्न वाजला. त्या फाट्यावर पुढची गाडी दोन तासांनी असते. मी पळालो आणि गाडीत चढलो. पट्टी तिथंच राहिली.

मला विचारण्यात आले की, पट्टी परत लावायची राहिली हे गाडीत आठवले का. त्यावर सांगतो की, नाही. खरं सांगतो, शपथेवर सांगतो, मनातसुद्धा आलं नाही. मी फोटो बघत होतो. खिडकीशी जागा मिळाली, ११ वाजून ५८ मिनिटांनी मी दुसरा फोटो ग्रुपवर टाकला. त्याखाली लिहिलं, ‘आईनं शिवलेली. नंबर ३९६.’

नंतर जे झालं ते मी बघितलेलं नाही, ऐकलेलं सांगतो. बब्रुवान धोंडीबा माने, ज्यांना आपण येथे बसवून ठेवले आहे, ते बाराच्या पुढं मोटार चालू करायला आले. शेतीची लाईट या आठवड्यात दिवसा आहे. लाईट नाही म्हणून ते डीपीवर आले. दांडा खाली होता, त्याला तांबडं नव्हतं. शेजारी गावठाणाच्या डीपीवर तांबडं होतं, तिथला दांडा वरच होता, पण तांबडं दिसल्यावर दांडा कोण बघतो, म्हणून त्यांना वाटलं काम गावच्या लायनीवर चालू आहे. त्यांनी शेतीचा दांडा वर केला. त्यांच्या जागी मी असतो तर मीही केला असता. त्यांचा यात काडीचा दोष नाही.

विरेश खांबावर शॉक लागून गेले हे मला सव्वा वाजता स्टुडिओत कळलं. मी शटर अर्धं ओढून आत बसलो. त्या वेळी फोटोला एकशे नव्वद लोकांनी ‘वा’ केलं होतं. मी तो ग्रुपवरून काढून टाकला, तोवर दोनशे चौदा झाले होते. मोबाईलमधून मात्र दोन्ही फोटो काढले नाहीत. बोट जात होतं, दाबलं जात नव्हतं.

मातीला मी गेलो होतो. मागं उभा राहिलो. तिथं लोक बोलत होते की, ऑफिसच्या साहेबांनी कागदावर लिहून दिलं आहे, विरेशनं पट्टी चुकीच्या डीपीवर बांधली, स्वतःच्या हलगर्जीपणानं मेला. कारण पंचनाम्यात पट्टी गावठाणाच्या डीपीवर सापडली. ती तिथं मीच लावली होती. मी माती टाकली आणि घरी आलो.

गुरुवारी दुपारी लक्ष्मम्मा माझ्या स्टुडिओत आल्या. गावात दुसरा स्टुडिओ नाही, त्या कुठं जाणार? विरेशचा बायोडाटाचा फोटो मोठा करून, फ्रेम घालून पाहिजे होता. मी कॉम्प्युटरवर फोटो काढून त्यांना दाखवत होतो. त्या म्हणाल्या, “गौरी, जरा हसरा कर की रे त्याला.” मी म्हणालो, “अव्वा, आहे तेच बरं दिसतंय.” मग त्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, “तू त्या दिशी फाट्यावर हुतास म्हणं. मला खरं सांग. पट्टी कुठं बांधली हुती त्यानं?”

मी म्हणालो, “बघितलं नाही, अव्वा.”

त्या म्हणाल्या, “शिवताना मी दहा बार सांगितलं त्याला, घाईनं बांधू नगंस. दहा बार ‘व्हय अव्वा’ म्हणला. माझं लेकरू चुकणार न्हाय. मेला ते मेला, देवानं नेलं म्हणते मी. पण कागदावर त्याला येडा करून का मारता?” मी प्रिंटरकडे तोंड केलं. जाताना त्यांनी पैसे काढले, मी घेतले नाहीत. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि ‘देव तुझं भलं करो’ म्हणाल्या. हे शेवटचं वाक्य तपासाला लागत नाही असं हवालदार साहेबांचं म्हणणं आहे. मी म्हणालो, राहू द्या. तेवढ्यासाठी तर मी आलो आहे.

शुक्रवारी दिवसभर मी स्टुडिओ उघडला नाही. माझी मुलगी प्रतीक्षा नर्सिंगला आहे, तिला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, “पप्पा, पहिला फोटो आहे ना अजून? मग तुम्ही कशाला बसलाय घरात?” तिचं बरोबर आहे. पण ती पुढं माझ्याशी बोलली नाही, अजून बोललेली नाही.

मला विचारण्यात आले की, हा जबाब दिल्याने तुमच्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो हे तुम्हाला समजते का. त्यावर सांगतो की, समजते. मी वकील लावणार नाही. मला आता त्यातून सुटायचं नाही, आणि शिक्षा झाली म्हणून काही फिटेल असंही वाटत नाही. विरेश मला सांगून गेला होता, ‘तिथंच असू द्या’. एवढंच एक काम त्यानं मला सांगितलं होतं. त्यात माझा एक पैसा जाणार नव्हता, घामसुद्धा येणार नव्हता.

मोबाईल मी स्वखुशीने दिला आहे. त्यात ११:४७ चा आणि ११:५० चा असे दोन फोटो आहेत. दोन्ही घ्यावेत, फक्त दुसरा घेऊ नये. बाकीचे तीनशे पंच्याण्णव तपासाला लागत नसतील तर पुसून टाकले तरी माझी हरकत नाही. आपण मोबाईल खाकी कागदात गुंडाळून त्यावर लाख लावली आणि लेबल चिकटवलं. मी तिकडं बघितलं नाही.

माझे सांगणे आपण लिहून घेतले. ते मला वाचून दाखवण्याआधी मी हवालदार साहेबांना विनंती केली की, दार उघडं ठेवा आणि जरा मोठ्यानं वाचा. विरेशच्या कागदाचं विचारायला आलेल्या लक्ष्मम्मा बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर सकाळपासून बसून आहेत. मी त्यांच्या समोरूनच आत आलो. त्यांनी “गौरी, फ्रेम चांगली झाली रे” म्हटलं, आणि मी त्यांना तोंडानं काही सांगू शकलो नाही.

त्याप्रमाणे दार उघडं ठेवून सर्व मजकूर वाचण्यात आला. वाचून झाल्यावर लक्ष्मम्मा उठून दारापर्यंत आल्या. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. हवालदार साहेबांना म्हणाल्या, “ते एक पुन्हा वाचा. पट्टीचं.” ‘विरेशनं पट्टी बरोबर जागी बांधली होती’ हे वाक्य त्यांच्यासाठी पुन्हा वाचण्यात आलं. त्या ऐकून बाहेर निघून गेल्या. एवढा मजकूर माझ्या सांगण्यावरून शेवटी वाढवला आहे. तो मी ऐकला, तो खरा आहे, आणि त्याखाली मी सही करतो.

(गौरीशंकर शिवप्पा हत्तरगे)