जागेवाल्याचं उष्टं

...आणि वर मलाच म्हणतात, घाबरट आहेस! अहो, तुम्हीच सांगा, अंगणातल्या खांबावर जागेवाल्याचं, म्हणजे घरादाराची राखण करणाऱ्याचं, एवढंसं देऊळ, त्याच्यापुढे मी संध्याकाळी लाल सरबताची बाटली नळी घालून ठेवायची आणि सकाळी बघावं तर थेंब नाही! कडेवर तान्ही पिम... मी घाबरू नको तर काय करू? तहान भागत नसेल म्हणून दोन बाटल्या ठेवल्या. त्याही रिकाम्या!

इकडे सासूबाईंची साखर चढलेली, पायाची जखम चिघळलेली. डॉक्टर म्हणाले, "असंच राहिलं तर अंगठा काढावा लागेल." गोळ्या आणायला त्यांना औषधाच्या दुकानात नेलं. तिथल्या ओरावनताई गोळ्या नुसत्या हातावर टेकवत नाहीत हो! चप्पल काढायला लावली, अंगठा निरखला, बोटाला सुई टोचून साखर बघितली. "मावशी, गोळ्या चुकत नाहीत, मग गोड काय खाता?"

"मी? गोडाला शिवत नाही! पहाटे जागेवाल्याचं उष्टं सरबत पिते, तेवढंच."

घ्या! म्हणजे माझं भूत शेजारच्या खोलीत घोरत होतं!

"त्यात कुठली आलीय साखर?" सासूबाई म्हणतात, "गोडी जागेवाला काढून घेतो. उरतं ते लाल पाणी."

ओरावनताई हसल्या नाहीत. "उद्या ते न पिता या." गेलो. साखर बरीच उतरलेली! "बघा मावशी, गोडी बाटलीतच होती."

सासूबाईंचं तोंड पांढरंफटक. "म्हणजे इतकी वर्षं त्यानं तोंडच लावलं नाही? रुसलाय! घर सोडून गेलाय!" मग माझ्या पिमची राखण कोण करतंय? मी घाबरू नको तर काय करू? आणि त्याचा रुसवा काढायला ह्या बाई तीन बाटल्या ठेवून, त्यानं गोडी काढली का ते बघायला पहाटे पुन्हा पितायत! अंगठा जायची वेळ आलीय, अहो!

धावत ओरावनताईंकडे गेले. त्या घरी आल्या, खांबाकडे बघून हळूच म्हणाल्या, "मावशी, रुसला नाही हो. रोज सरबत... त्यालाही साखर झाली असेल. बिचारा पथ्यावर आहे. साधं पाणी ठेवा."

सासूबाईंना पटलं! अंगठा आता सुकत आलाय. पण रोज तिन्हीसांजेला सासूबाई खांबापाशी जाऊन अगदी ओरावनताईंच्या आवाजात विचारतात, "पायाला मुंग्या येतात का? जखम असेल तर लपवू नका, दाखवा!"

आणि मी पिमला छातीशी धरून आत कान झाकते... न जाणो, एखाद दिवशी देवळातून "हो" आलं, तर त्यालाही दुकानात घेऊन मलाच जावं लागणार!