‘मजेत’ म्हणालो, तिथंच फसलो

नाही, पण मला सांगा, कुणी ‘कसे आहात?’ विचारलं तर माणूस काय म्हणतो? ‘मजेत!’ बोलायची एक पद्धत असते की नाही? तुम्हाला सांगतो, खुब्याचं ऑपरेशन होऊन आज बारावा दिवस, घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टचा पत्ता नाही, आणि मी चालतो किती? तर पलंगापासून बाथरूमपर्यंत, तेही वॉकर धरून, ‘आई गं, आई गं’ करत! डॉक्टर म्हणाले, जिने चढता येईपर्यंत या व्यायामाच्या वॉर्डातच राहा. राहतो की! पण किती दिवस, ते डॉक्टर ठरवत नाहीत. ठरवतो कोण? विमा कंपनीचा कॉम्प्युटर... एआय म्हणे!

तो रोज सकाळी फोन करतो. आवाज बाईचा, आणि असा लाघवी की सख्खी सून इतकं गोड बोलणार नाही. ‘नमस्कार काका, आज कसं वाटतंय?’ आता परक्या बाईपुढे सकाळी सकाळी कण्हत बसायचं? मी म्हणायचो, ‘झकास!’ ‘दुखतं का?’ ‘छे हो, किरकोळ!’ ‘जिने चढाल?’ ‘जिने काय, डोंगर चढेन!’ अहो, बोलायची पद्धत असते!

तर परवा सिस्टर हसत हसत आल्या. ‘काका, अभिनंदन! कॉम्प्युटरच्या मते तुम्ही बरे झालात. परवापासून विमा बंद, घरी जा!’ माझे तर हातपायच गळाले... म्हणजे जो एक चालत होता, तोसुद्धा! डॉक्टरांनी पत्र लिहिलं, तर उत्तर आलं, पेशंट स्वतःच झकास म्हणतोय. आता फार तर घरच्यांचं म्हणणं एकदा ऐकू.

झालं! आमच्या हिनं फोन ओढला. ‘द्या इकडे, तुम्हाला जन्मात खरं सांगता यायचं नाही!’ त्यानं एवढंच विचारलं हो, ‘काकांच्या काय तक्रारी आहेत?’ पाऊण तास! ‘जिन्यात पडले तर मी एकटी कशी उचलू हो?’ म्हणताना तिला रडू फुटलं, मलाही गलबलून आलं... पण तिथं थांबेल तर ती कसली! चिडतात, गोळ्या उशीखाली लपवतात, माझ्या बहिणीच्या लग्नात रुसून बसले, चाळीस वर्षांत एकदा ‘चुकलं’ म्हणाले नाहीत! आणि तो लेकाचा ‘हं, हं’ करत सगळं टिपून घेतोय!

आज निकाल आला. मंजूर! ‘पेशंटच्या सर्व तक्रारी दूर होईपर्यंत मुक्काम वाढवला आहे.’ सर्व! अहो, खुबा काय, होईल महिन्याभरात नीट... पण चाळीस वर्षांत हिच्याच्यानं जो सुधारला नाही, तो स्वभाव या वॉर्डात कोण सुधारणार? पत्ता लिहून घ्या इथलाच!