काट्यावरचं पोतं

...आणि वर म्हणते, "आजोबा, चपलासुद्धा काढा!" चपला! अहो, उडत्या टॅक्सीत बसायचंय का न्हाणीघरात शिरायचंय? तुम्हाला सांगतो, जन्मभर गोदामात काट्यावर पोती चढवली मी, आणि म्हातारपणी स्वतःच चढलो, तेही चारचौघांत, समोर वजनाचा भला मोठा आकडा लागलेला, मागची रांग तो वाचतेय, कुणीतरी फिदीफिदी हसतंय... शी! माणूस आहे की पोतं?

मुळात मला यायचंच नव्हतं. पण आमच्या हिला डोंगरापलीकडचा धबधबा बघायचा होता. लग्न झाल्यापासूनची भुणभुण! गुडघे होते तेव्हा सवड नव्हती, सवड आली तर गुडघे गेले. थोरला म्हणाला, "आई, बॅटरीवरची टॅक्सी निघालीय, उडत जायचं, उडत यायचं." तर ही म्हणते, "हे शेजारी असतील तरच बसेन बाई, मला भीती वाटते." आता बोला!

गेलो. तर दारातच एक पोरगी, हातात ती काचेची पाटी. "आजोबा, हवाई टॅक्सीतून फिरायला किती उत्सुक आहात? शून्य ते पाच सांगा." म्हटलं, "बाई, ज्याला धड पंख नाहीत आणि जे माझ्या मोबाइलसारखं रोज चार्जिंगला लावावं लागतं, त्यात बसायला उत्सुक? शून्य लिही! खाली रेघ मार!" ही आपली लाजून म्हणते, "माझे पाच हं." थोरला पाच, सून पाच, मागची रांग पाच, पाच, पाच... लिलाव चाललाय जसा! अहो, पोत्याला निदान कुणी विचारत नाही, बाबा रे, चढायला किती उत्सुक आहेस म्हणून!

मग तो काटा. चौघांचं मिळून वजन जास्त. सुनेची पर्स काढली, हिची शाल काढली, माझे खिसे उलटे केले... किल्ल्या, चष्म्याचं घर, विजेरी. तरी काट्यावरचा दिवा लालचा लाल! थोरल्याच्या पोटाकडे बघितलं का कुणी? छे! तो आपला छताकडे बघत, श्वास आत ओढून उभा! म्हटलं, "याला उतरवा, मग बघा दिवा कसा हिरवा होतो ते." "बाबा!" म्हणे.

पोरीनं पाटीवर बोट फिरवलं. "आजोबांचं शून्य आहे. मग आजोबाच खाली राहतील ना!" सून लगेच, "हो, बाबांना नाहीतरी आवड नाहीच."

मी हिच्याकडे बघितलं. म्हटलं, आता म्हणेल, हे नाहीत तर मी नाही. तर म्हणाली, "अहो, शाल नीट धरा, मातीत लोळेल." आणि चढली! टुणकन! कुठली भीती आणि कुठले गुडघे! आणि मी इथे खाली, सगळ्यांच्या पिशव्यांत, इस्त्रीचा सदरा घालून... हो, घातला होता इस्त्रीचा! हसता काय?

उतरली ती डोळे पुसतच. म्हटलं, "दिसला का?" "दिसला हो! आणि तुम्हीपण दिसलात. सूनबाई विचारत होती, बाबा कुठे दिसत नाहीत. म्हटलं, तो पिशव्यांचा ढीग बघ, त्यातलं मधलं पोतं म्हणजे आपले हे!"

मी हळूच त्या पोरीला म्हटलं, "बाई, माझे पाच कर." तर म्हणते, "आता नाही हो बदलता येत, आजोबा."

परतीच्या बसमध्ये काटा नव्हता. ही शेजारी बसली, खांद्यावर डोकं टाकलं आणि घोरायला लागली. घर येईपर्यंत! खांदा बधिर झाला, पण हललो नाही. पोतं कधी हलतं होय?