धम्मदीपाचा बाण

—न्हाई मनीषभाऊ, आत नको, खुर्ची हितंच पडवीत घ्या. ती जागी हाय, कान शाबूत हायेत तिचे. हे औषधं आणाया गेलेत, येतील. ती कोण? धम्मदीपा, माझी नणंद, यांची धाकटी बहीण. आजारानं आधी पाय गेले, मग जीभ — उरलं एक बोट. तुमच्या ऑफिसात यांचं काम माऊसचंच ना? माऊस हलला, बटण दाबलं, सोडलं, ते प्रोग्रामला कळवायचं — तर घरी तिच्यासाठी केलं यांनी. पडद्यावर दोन चौकोन, 'हो' आन् 'नाही'. बटण दाबाया ताकद न्हाई, मग बाण चौकोनावर थांबला की दाबलं असं धरायचं. सासूबाईंनी इचारलं, चहा पिती का गं? बाण गेला 'हो'वर. लई रडल्या त्या.

पण बोट थकत गेलं. आधी प्रोग्राम बारीक थरथर सोडून द्यायचा — यांनी ती चाळणीच काढली. केसाएवढं हललं तरी बाण पार कडेच्या चौकोनावर पळावा. मग काय — पळतोय की! तुमच्या आयटी पार्काच्या नव्या फेजचं बांधकाम चाललंय, त्याचा डंपर रस्त्यानं गेला, टेबल हाललं, की पळतोय. तिचा हात माऊसवरनं कवाच घसरून पोटावर पडलेला. सासूबाईंची नजर पडद्यावर — म्हातारी दिसभर लेकीशी बोलत बसती.

यांना ठावं हाय का? हाय तर. परवा डॉक्टर म्हणाले, मोठ्या दवाखान्यात न्या, श्वासाला नळी घालू. सासूबाईंनी तिलाच इचारलं, जायचं का बाळा? डंपर गेला. बाण 'नाही'वर. "परमोद, पोरगी नको म्हणती, तिचं मन मोडायचं न्हाई." हे दारात उभे. आईला काय सांगणार, की तू इतके दिस रस्त्याशी बोलतीयास? धम्मदीपाच्या डोळ्यातनं पाणी आलं. सासूबाई म्हणाल्या, सुटले म्हणून रडती बिचारी. पापणी बी धड मिटत न्हाई हो तिची, सांगणार कशी?

मी? मी बी गप. खरं सांगू — बरंच वाटलं मला. रोज तिची कूस बदलून बदलून माझे हात... न्हाई, न्हाई, असं न्हाई म्हणायचं मला. काय बोलले मी?

दुसऱ्या आजारी माणसांना बी द्यायचा म्हणता तो प्रोग्राम? न्या. चांगला हाय म्हणून यांच्या तोंडावर मात्र सांगू नका, तेवढं करा — आल्या वाटतं सासूबाई.

काय न्हाई आत्या, ऑफिसातले पावणे. निघालेच.

उठा भाऊ. चहा न्हाई आज. जावा.