लोखंडाचा आवाज बारीक करा

—नाही, चहा घ्याच, भिंतीवर ठेवलाय, आणि पिता पिता ऐका. जरा जवळ या, मला जे बोलायचंय ते त्या खिडकीपर्यंत जायला नको. तुमच्या या धातू शोधायच्या मशीनचा तो घर्र आवाज आहे ना, मातीत खिळा लागला की येतो तो — तो बंद करता येईल का? माझ्यासाठी नाही हो, मी शेजारीण, माझे कान कधीच निबर झालेत. या अंगणात वर्षानुवर्षं गेटं आणि ग्रिलं तयार झाली, घण काय, कटर काय, दुपारची झोप मला माहीत नाही. हे वहिनींसाठी. खिडकीला लागूनच त्यांची कॉट आहे. तुमचं घर्र झालं की कोपरावर उठतात, विचारतात, अंगठी सापडली का — मी म्हणते, खिळा होता, पडा तुम्ही. पडतात. की परत घर्र. आता उठण्याइतकं काही राहिलेलं नाही त्यांच्यात. डॉक्टर मला म्हणाले — म्हणजे त्यांच्या मुलाला म्हणाले, मी आपली दाराशी होते.

काय? बंद केला तर अंगठीही हातची जाईल? ती कशी? — अच्छा. म्हणजे खिळ्याला चिकटून सोनं पडलेलं असलं आणि खिळ्याला गप्प केलं, तर सोनंही गप्प. कळलं, चांगलं कळलं. सासूबाई आमच्या ह्यांना गप्प बसवायच्या तेव्हा शेजारी बसलेली मीही गप्पच व्हायचे. मग करता काय तुम्ही? बंद नाही, बारीक. लोखंड खालच्या जाड सुरात, तेही जेमतेम, आणि सोनं वरच्या पट्टीत, टिंग करून. आणि ही छोटी तबकडी लावून हळूहळू फिरवायचं. बरं. पण थांबा — वरच्या पट्टीतलं वहिनींना ऐकूच येत नाही. दाराची बेल येत नाही, नातीचं फोनवरचं बोलणं येत नाही. माझं येतं, माझा आवाज जाडा, आमचे हे म्हणायचे तुला माइक लागत नाही. सोन्याचा सूर खाली आणता येतो? मग मधे कुठेतरी आणा. म्हणजे बघा, सकाळपासून त्यांना नुसतं लोखंडच ऐकू येत होतं.

मुलाला वाईट म्हणू नका. जागा विकली त्यानं, उद्या सकाळी इथं काँक्रीट पडणार, आईला तो आपल्याकडे नेणार — नेऊन तरी किती दिवस, ते सोडा. पण तुम्हालाही त्यानंच बोलावलं ना? वहिनींनी एकच मागितलं होतं, भाऊंची अंगठी. भाऊ म्हणजे त्यांचे मिस्टर, हे ग्रिलचं काम त्यांचंच, मागच्या वर्षी गेले. काम करता करता बोटातून निसटली आणि या लोखंडाच्या चुऱ्यात पडली, अख्ख्या गल्लीला माहीत आहे. मीच सांगितलंय.

आता दुसरं ऐका आणि लगेच मान हलवू नका. ही माझी अंगठी धरा. साबण लावून काढलीय आत्ता. खिडकीखालच्या मातीत सारा आणि वरून फिरवा, एकदा वाजू दे. मशीनला काय कळतंय कुणाची ती. — खोटं तुम्ही कुठं करताय, खोटं मी करतेय, तुम्ही फक्त फिरवायचं. — हो, आमच्या ह्यांनीच दिलेली. मग? मला आता ती घालून कुणापुढं मिरवायचंय? ती खिडकी मिटली की मी बोलायचं तरी कुणाशी, या भिंतीशी? रात्री कड बदलताना त्यांचा खोकला ऐकला की बरं वाटतं मला, कुणीतरी आहे — जाऊ द्या. फिरवा.

—वहिनी, ऐकलंत? हा वेगळा होता की नाही? सापडली. हो, हो, हातात आहे माझ्या, माती पुसतेय. — काय? — कापलेली? नाही हो, चांगली गोल आहे, अखंड — काय म्हणालात? — कधी?

—त्या म्हणतात, अखंड असेल तर ती आपली नव्हे. भाऊंनी कापली होती. स्वतः, लोखंड कापायच्या करवतीनं. भांडणात. बोटातून निघेना म्हणून कापली आणि भिरकावली. आणि मला माहीत नाही. या घरात दूध उतू गेलं तरी मला कळायचं, आणि हे माहीत नाही. निसटली म्हणाल्या, मी निसटली म्हणत फिरले. भाऊ नंतर रोज संध्याकाळी दोरीला लोहचुंबक बांधून अंगणभर फिरायचे, वाकून वाकून, आणि मी कौतुक करायचे, पोरांच्या पायात खिळे जाऊ नयेत म्हणून बघा किती जपतो माणूस. सोन्याला चुंबक कुठं लागतं? लोखंड बाजूला काढत होते ते, खालची अंगठी दिसावी म्हणून. वहिनी त्या खिडकीतूनच बघत असणार. आणि दोघांतल्या एकानंही तोंड —

तुमचा चेहरा असा का झाला? — कापलेल्या अंगठीचा आवाज तसा येत नाही? मग कसा येतो? — तुटका. — खरखरीत. खिळ्यासारखा.

म्हणजे सकाळपासून खिळा खिळा म्हणून आपण जे सोडून दिलं. मी त्यांना म्हटलं, खिळा होता, पडा तुम्ही —

वाढवा. लोखंडाचा आवाज, पूर्ण वाढवा. नाही, येऊ दे त्यांना ऐकू, उठतील तर उठू देत, मी पाठीला हात लावून बसते. त्या कोपऱ्यापासून परत घ्या, प्रत्येक घर्रला उकरा, उजेड आहे तोवर. माझी ही तुमच्या खिशात ठेवा, मातीत पुन्हा घोटाळा नको. कप द्या इकडे. आणि आता माझ्याशी बोलत बसू नका.